डॉ. खानोलकर आणि बाबांचा बिल्ला

लहानपणी मला बाबांच्या एका वस्तूचं फार कुतूहल होतं. खिशाला लावायचा छोटा प्लास्टिकचा बिल्ला. आम्ही वालचंदनगरचे. जंक्शनला एसटीतून उतरलं की पुढे आमचं गाव. शेठ वालचंद हिराचंद यांनी माळरानावर उभं केलेलं. आधी साखर, मग साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रं, आणि पुढे अणुभट्ट्यांचे आणि रॉकेटचे भागसुद्धा इथे बनू लागले. अशा गावात वेल्डिंगचा जोड आतून सलग आहे की नाही हे बघणारी माणसं लागतातच. माझे बाबा त्यातले. एका ठेकेदाराकडे ते रेडिओग्राफीचं काम करायचे. जोडाच्या एका बाजूला फिल्म, दुसऱ्या बाजूला इरिडियम-१९२, भोवती दोरी बांधून लाल दिवा, आणि आसपास कोणी नको म्हणून काम बहुतेक रात्रीचं.

हा बिल्ला खरं तर घरी आणायचा नसतो. एकदा चुकून शर्टाला राहिला आणि मला बघायला मिळाला. मी हातात घेऊन उलटसुलट करतोय तोवर बाबांच्या लक्षात आलं, आणि ते जेवणावरून उठून त्याच पावली सायकलवरून तो परत ठेवून आले. आत काय असतं असं विचारलं तर म्हणाले, तीन चकत्या असतात, त्या सगळं लक्षात ठेवतात. मग त्या ठराविक महिन्यांनी तपासणीला जातात. निकाल काय येतो, हे मी विचारलं नाही. बाबांनीही कधी सांगितलं नाही.

यंदा तिसऱ्या वर्षाला एनडीटीच्या सेमिनारसाठी मी रेडिओग्राफी घेतली. (खरं सांगायचं तर सोपा जाईल म्हणून.) सरांनी पहिल्याच स्लाइडवर थांबवलं. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा मी लिहिली होती. सरांनी विचारलं की हा आकडा कुणाच्या शरीरावरून आला? मी गप्प. पोलादाची ताकद काढायची तर आपण नमुना यंत्रात घालून तुटेपर्यंत ओढतो. माणसाचं काय?

शोधायला बसलो. हिरोशिमा-नागासाकी सापडलं, घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या मुली सापडल्या, पॅसिफिक महासागरातलं रोंगेलॅप नावाचं बेट सापडलं. आणि या सगळ्याचा हिशेब मांडणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीच्या पहिल्या अहवालात भारताचा प्रतिनिधी म्हणून एक मराठी नाव सापडलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

हे नाव मी आधी पाहिलं होतं, तेही एका पाटीवर. मी बारावीत असताना आजीला तोंडाचा कॅन्सर झाला. परळच्या टाटाला आणि नंतर खारघरला फेऱ्या व्हायच्या. खारघरच्या आवारात एका इमारतीचं नाव आहे ‘खानोलकर शोधिका’. तासन् तास बाकावर बसून मी ती पाटी वाचायचो. मला वाटलं होतं, आरती प्रभूंच्या, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकरांच्या नावाने इथे काहीतरी केलेलं दिसतंय! इतकं आपलं ज्ञान. डॉक्टरांच्या जगात ज्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात, ते हे खानोलकर वेगळे, हे कळायला सेमिनार यावा लागला.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, गोमंतक मराठा समाजातल्या घरातला. वैद्यकी शिकायला ते लंडनला गेले आणि १९२३ साली विकृतिशास्त्रात एम.डी. झाले. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. आपल्याकडे पॅथॉलॉजी म्हटलं की रक्त-लघवी तपासणारं कोपऱ्यावरचं दुकान डोळ्यांसमोर येतं. पण रोग शरीरात नेमकं काय करतो हे मुळापासून बघण्याचं हे शास्त्र. शल्यचिकित्सकाला मान, औषध देणाऱ्याला मान, आणि हा माणूस मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला. लंडनहून परतल्यावर खानोलकरांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि मग परळच्या सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजात हेच शिकवलं.

परळमध्येच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या होत्या, त्यांच्या आठवणीतून हे उभं राहिलं. खानोलकर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख झाले, आणि इथून त्यांचं खरं काम सुरू झालं असं मला वाटतं.

देशभरातून रोगी येत. खानोलकरांच्या लक्षात आलं की कॅन्सर कुठे होतो, हे माणूस कुठला आहे आणि कसा राहतो यावर ठरतंय. कमरेला घट्ट धोतर बांधणाऱ्यांना वर्षानुवर्षं काचून नेमक्या त्याच जागी कातडीचा कॅन्सर. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा ओढताना जळतं टोक तोंडाच्या आत धरतात, त्यांना टाळूचा. खालच्या ओठात तंबाखू आणि चुना धरून ठेवणाऱ्यांना तिथेच. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी बाईंबरोबर यावर निबंध छापला. त्याचा विषयच मुळी सवयी आणि कॅन्सर. पुढे १९५५ मध्ये सांघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू ओढणं, चघळणं आणि घसा-तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला.

हे वाचताना मला आजीची पहिली तपासणी आठवली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तोंडात बघायच्या आधी विचारलं होतं की मशेरी लावता का, किती वर्षं, आणि कुठल्या बोटाने, कुठल्या बाजूला. आजी जराशी लाजली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, कुटून ती डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर, दुपारी भांडी झाल्यावर, रात्री निजताना, अशी दिवसातून तीनदा. आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या कित्येक बायांची हीच रीत. तिने उजव्या हाताची तर्जनी वर केली आणि डावा गाल दाखवला. गाठ तिथेच होती. त्या वेळी मला वाटलं, हे काय विचारतात, औषध द्या ना! तो प्रश्न विचारायची रीत ऐंशी वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत मुरली होती, हे आता कळतं.

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झालं, खानोलकर त्याचे संचालक. त्यांनी माणसंही घडवली. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या होत्या. पुढे त्यांनी इथे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. कुष्ठरोगातही खानोलकरांना गती होती. तो रोग मज्जातंतूंच्या वाटेने कसा सरकतो यावर त्यांनी बारकाईने काम केलं. रक्तगटांवर, जातीजातींमधल्या आनुवंशिक फरकांवर सांघवींबरोबर केलेलं काम तर वेगळंच. सगळं सांगत बसलो तर संपादक मंडळ कात्री लावेल, म्हणून आता बेटाकडे वळतो.

१ मार्च १९५४. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी इथे अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, नाव ब्राव्हो. अंदाज होता साधारण सहा मेगाटनांचा, निघाला पंधरा. (आपल्या व्हायवात दुपटीपेक्षा जास्त चूक झाली तर काय होतं आठवा.) प्रवाळाचा चुरा होऊन तो वर गेला आणि वाऱ्याबरोबर पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या रोंगेलॅपवर पांढऱ्या राखेसारखा पडला. पोरं त्यात खेळली. पिण्याच्या पाण्यात तो पडला, माशांवर पडला. संध्याकाळपर्यंत उलट्या सुरू झाल्या, अंग खाजू लागलं, मग कातडी भाजल्यासारखी झाली, केस गळले. रोंगेलॅपवर ६४ माणसं होती, जवळच्या ऐलिंगिने बेटावर त्यांचेच आणखी १८ जण गेलेले. त्यांना हलवायला दोन दिवसांहून जास्त वेळ लागला. पहिल्या अंदाजाप्रमाणे रोंगेलॅपवरच्यांच्या अंगावर सुमारे १७५ रॅड किरणोत्सार पडला होता, म्हणजे आजच्या भाषेत साधारण १७५० मिलिसिव्हर्ट. माझ्या स्लाइडवरचा आकडा होता २०, तोही वर्षभराचा.

त्याच राखेत एक जपानी मासेमारी बोट सापडली. तीवर २३ जण होते. त्यातले कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले आणि जगभर गहजब झाला. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचा प्रस्ताव मांडला होताच. चाचण्या थांबल्या नाहीत. पण डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करायला पंधरा देशांची समिती नेमली. बॉम्ब फोडणारे देश तीत होते आणि न फोडणारेही. भारताने पाठवलं खानोलकरांना.

आधी मला हे विचित्र वाटलं. अणूच्या समितीवर भौतिकशास्त्रज्ञ नको का? पण विचार केल्यावर पटलं. किती किरणोत्सार पडला हे मोजणारी यंत्रं होती. पडल्यावर वीस वर्षांनी माणसाला काय होतं, हे सांगणारं यंत्र नव्हतं. ते सांगायला सवयीपासून गाठीपर्यंतचा लांब प्रवास बघण्याची सवय असलेला माणूस हवा, आणि तो परळला बसला होता. १९५६ मध्ये भारत सरकारने अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम यावर एक पुस्तक काढलं. अशा विषयावर एखाद्या सरकारने उघडपणे लोकांपुढे ठेवलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. ते डॉ. दौलतसिंह कोठारींनी तयार केलं, आणि त्यात भाभांचा आणि खानोलकरांचा हात होता.

समितीचा पहिला अहवाल १९५८ चा. दुधात, धान्यात, हाडांत स्ट्रॉन्शियम-९० किती उतरतं, पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होईल, असा सगळा पसारा. लहानशा मात्रेनेही अपाय होऊ शकतो, ही शक्यता त्यांनी झटकून टाकली नाही. अमक्या रेषेखाली सगळं सुरक्षित, असं सांगितलं असतं तर बऱ्याच सरकारांना बरं वाटलं असतं!

या समितीत स्वीडनचे प्रतिनिधी होते रॉल्फ सिव्हर्ट. ओळखलंत ना? आपण ज्या एककात मात्रा लिहितो ते त्यांच्याच नावाचं. ते एकक १९७९ मध्ये स्वीकारलं गेलं, तेव्हा सिव्हर्टही नव्हते आणि खानोलकरही. मी वर्षभर मिलिसिव्हर्ट लिहीत होतो, पण हा माणूस आहे आणि त्याच्याबरोबर बैठकीला आपला एक मराठी माणूस बसायचा, हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

आता रोंगेलॅपचं पुढे काय झालं ते. १९५७ मध्ये लोकांना बेटावर परत नेलं. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं वैद्यकीय पथक डॉ. रॉबर्ट कोनार्ड यांच्या नेतृत्वाखाली वर्षातून एकदा यायचं. रक्त घ्यायचे, उंची-वजन मोजायचे, गळा चाचपायचे आणि बोटीने परत जायचे. शास्त्र म्हणून हे काम साधं नव्हे. पहिली नऊ वर्षं गळ्यात काही सापडलं नाही. १९६३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या थायरॉईडमध्ये गाठ सापडली, आणि मग एकामागून एक. स्फोटाच्या वेळी जी मुलं दहा वर्षांच्या आतली होती, त्यांतल्या बहुतेकांना पुढे गाठी झाल्या. किरणोत्सर्गी आयोडीन नेमकं त्या इवल्या ग्रंथीत जाऊन बसतं. १९५४ मध्ये जेमतेम वर्षाचा असलेला एक मुलगा १९७२ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेला. दोन-चार वर्षं बघून सगळं ठीक आहे म्हणत पथक थांबलं असतं, तर जगाला यातलं काहीच कळलं नसतं. लांबवर बघत राहण्याचं महत्त्व इतकं आहे.

पण बेटावरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. तुम्ही येता, सुया टोचता, लिहून नेता, आम्हाला काय झालंय ते कोणी नीट सांगत नाही. आम्ही रोगी की प्रयोगाचे उंदीर? १९७२ मध्ये तर बाहेरचे तटस्थ डॉक्टर आणा म्हणून त्यांनी तपासणीच अडवली. शेवटी १९८५ मध्ये आपल्या पोराबाळांसह ते बेट सोडून गेले. पथकातल्या डॉक्टरांनी गाठींची ऑपरेशनं करवली, गोळ्या दिल्या, हेही खरं आहे. तरी माझं मत विचाराल तर बेटकऱ्यांच्या बाजूचं. माझ्या शरीराचा आकडा तुमच्या वहीत असेल तर तो आधी मला कळला पाहिजे.

भारतात असा अणुस्फोटाचा पाऊस कुठल्या गावावर पडला नाही. पण केरळच्या किनाऱ्यावर नींदकराच्या आसपास वाळूतच मोनाझाइट आहे आणि पिढ्यान् पिढ्या लोक त्यावर राहतात. १९५० च्या दशकात मुंबईहून भरतवाल आणि वाझे यांनी तिथे जाऊन मोजमापं घेतली. पुढे १९९० नंतर करुनागपल्लीत घरोघर नोंद झाली. सुमारे ७० हजार प्रौढ माणसांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि २००९ मध्ये छापलेल्या निष्कर्षात तिथे कॅन्सर जास्त आढळला नाही. बघत राहिलं की कधी भीती खरी निघते, कधी खोटी. आपल्याकडून फार लांब नाही, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची अशीच नोंद होते. देशातली ग्रामीण भागातली ती पहिली.

खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६३ मध्ये त्यांना राष्ट्रीय प्राध्यापक केलं. त्याच वर्षी मोठ्या देशांनी हवेतल्या चाचण्या थांबवण्याचा करार केला. त्याआधी १९६२ मध्ये टाटा हॉस्पिटल आणि त्यांचं संशोधन केंद्र दोन्ही अणुऊर्जा खात्याकडे गेली होती. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे कसं, हा प्रश्न मला खारघरच्या बाकावर पडला होता, आणि शेजारच्या एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की कारकुनाची चूक असणार! किरणोत्सार रोग देतो आणि रोगावर इलाजही करतो. दोन्हीकडून ज्यांना तो नीट ओळखायचा होता त्यांनी ही सांगड घातली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर गेले.

आजी आमची चौदा महिने जगली. मशेरीची डबी तिने स्वतःच परड्यात पुरली होती.

सेमिनार झाल्यावर मी सुट्टीत घरी गेलो आणि बाबांना विचारलं, की तुमच्या बिल्ल्याचे निकाल कुठे आहेत. आता ते रेडिओग्राफी करत नाहीत, तपासनिसाचं काम करतात. मला वाटलं होतं माहीत नाही म्हणतील. त्यांनी ट्रंकेतून एलआयसीच्या पॉलिसींची पिशवी काढली. तिच्यात आजीच्या हॉस्पिटलच्या कागदांखाली सतरा वर्षांच्या नोंदींच्या झेरॉक्स होत्या, सुतळीने बांधलेल्या. बहुतेक रकान्यांत शून्य, कुठे कुठे दशांश चिन्हानंतरचा आकडा. मी सगळ्यांची बेरीज करून दाखवली. वीसच्या जवळपासही नव्हती.

बाबांनी चष्मा लावून बेरीज पुन्हा तपासली. मग विचारलं की हे एमएसव्ही म्हणजे नेमकं काय. इतकी वर्षं कागद जपून ठेवला आणि अर्थ कुणाला विचारला नव्हता. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून सांगितलं. सिव्हर्ट सांगितले, रोंगेलॅप सांगितलं. आई पोळ्या थांबवून ऐकत होती. मुलांच्या गळ्यातल्या गाठींपाशी बाबांनी मला थांबवलं आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि त्याच झेरॉक्सच्या मागे दोन नावं लिहिली. त्यांच्याबरोबर दोरी बांधायला, फिल्म उचलायला असायचे ते दोघे. एक लासुर्ण्याचा, एक कळंबचा. त्यांचे कागद त्यांनी ठेवले असतील असं वाटत नाही, म्हणाले, तू ते कुठून मिळतात बघ. अर्ज कुणाकडे करायचा ते मी शोधतो आहे.